पाहुणा शब्द

रविवारची सकाळ. सासूबाई ट्रॅकसूट घालून बाहेरच्या खोलीत मान गोल गोल फिरवत होत्या, आणि सून ओट्यापाशी उभी राहून चहात पुन्हा एकदा साखर घालत होती. आधी घातली होती हे तिच्या लक्षातच नव्हतं. लक्ष ठिकाणावर असतं तर ना! रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि कारण काय, तर एक शब्द. इंग्रजी, सात अक्षरी. तसा शब्द जगात नव्हताच, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

सून ज्या कचेरीत कामाला होती तिथे शब्दांच्या याद्या तयार होत. ‘पाच अक्षरी शब्द, ज्यात यू आणि ओ आहेत’, ‘सात अक्षरी शब्द, ज्यात ए, एल आणि एन आहेत’, अशा. कोडी सोडवणारे, शब्दांचे खेळ खेळणारे, परीक्षेला बसलेले, नुसतेच रिकामटेकडे, असे नाना तऱ्हेचे लोक त्या याद्या फोनवर बघत. शब्द काढायचं काम यंत्राचं. लांबी सांगा, अक्षरं सांगा, ते भराभर ओकून मोकळं. पण यंत्राने लिहिलेले अर्थ वाचवत नसत, म्हणून अर्थ लिहायचे हिने. एका ओळीत, शेंबड्या पोरालाही कळेल असे. त्यावरून कचेरीत तिला सगळे ‘अर्थवाली’ म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघे.

आता याद्या म्हटल्या की त्या चोरणारे आलेच. इकडची यादी उचलायची, तिकडे स्वतःच्या नावावर खपवायची. त्यांना पकडायला प्रत्येक यादीत एक खोटा शब्द बसवून ठेवायचा असा कचेरीचा रिवाज होता. त्या शब्दाला ‘पाहुणा’ म्हणत. आपला पाहुणा दुसऱ्याच्या पंगतीला जेवताना दिसला की चोरी सिद्ध. कुठल्या यादीत पाहुणा कोण, हे दोघांनाच ठाऊक असे, संपादकांना आणि अर्थवालीला. हिच्या आधी त्या खुर्चीत जी बाई बसायची तिने एक पाहुणा मैत्रिणीला गंमत म्हणून सांगितला होता. ती खुर्ची हिला मिळाली ती त्यामुळेच.

पाहुणा बनवायचीही रीत होती. एखादा खरा शब्द घ्यायचा आणि त्याचीच अक्षरं उलटीपालटी करून नवा करायचा, म्हणजे तो यादीत चारचौघांसारखा दिसतो. अर्थ मात्र मिळमिळीत हवा. एक प्रकारचं गवत, जुन्या काळचं एखादं माप, असा. वाचणाऱ्याने दुसऱ्यांदा बघता कामा नये.

गेल्या महिन्यात अर्थवालीने ‘लॅट्रिन’ घेतला, त्याची अक्षरं हलवली आणि ‘टारलाइन’ तयार केला. वंश जरा गलिच्छ, पण पोर दिसायला देखणं. अर्थ लिहायची वेळ आली तेव्हा कचेरीतले बाकीचे केव्हाच घरी गेले होते, गवतं आणि मापं सगळी वापरून झाली होती आणि डोकं पार शिणलं होतं. तिने जे मनात होतं ते लिहून टाकलं. ‘घरी उशिरा येणाऱ्याची वाट बघणाऱ्या माणसाच्या दाराखाली दिसणारी उजेडाची रेघ. येणारा आत आला की ती विझते.’

तिच्या मनात हे कुठून आलं, ते सांगायला ज्योतिषी नको. ती उशिरा घरी पोचे तेव्हा सासूबाईंच्या बंद दाराखाली उजेड असायचा. हिने किल्ली फिरवून आत पाऊल टाकलं की खट्, अंधार. सकाळी विचारलं तर सासूबाई म्हणत, “मी? मी तर पाठ टेकली तशी झोपले. तू केव्हा आलीस कुणास ठाऊक.”

संपादकांनी तो अर्थ वाचून भुवया चढवल्या होत्या. “पाहुण्याला इतकं नटवू नये, बाई,” ते म्हणाले होते. पण तोवर यादी निघून गेली होती.

इथवर सगळं ठीक होतं. सासूबाई अक्षरांच्या खेळाच्या क्लबात जात, पण सुनेच्या याद्यांना त्या विचारत नसत. “फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत फुकटच,” असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी सुनेच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्याजवळ एक जाडजूड शब्दकोश होता, पानं पिवळी पडलेला, आणि त्या त्याच्यावरच विसंबून असतात असं सून धरून चालली होती. मुलगा, म्हणजे हिचा नवरा, लांबच्या बांधकामांवर असायचा आणि महिन्याकाठी एखादा रविवार घरी यायचा. एरवी त्या घरात दोन बायका, दोन खोल्या आणि मध्ये एक टीव्ही, ज्याच्याशी दोघीही एकमेकींपेक्षा जास्त बोलत.

आणि शनिवारी संध्याकाळी सून कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली, तर कोपऱ्यात स्टुलावर बसून सासूबाई मटार सोलत होत्या. मांडीवर टॅबलेट उघडा. डोळे मिटलेले. एकेक शेंग फोडायची आणि एकेक शब्द म्हणायचा, पाढे म्हटल्यासारखा, अर्थासकट. सुनेच्या हातातली चादर हातातच राहिली. तिचे शब्द होते ते. तिनेच घासूनपुसून लिहिलेले अर्थ, जसेच्या तसे, एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. कोणी आपलं गाणं खिडकीबाहेर गुणगुणत जावं तसं तिला झालं. चार वर्षांत या बाईने तिच्या कामाबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता, आणि इथे सगळ्या याद्या मुखोद्गत! सुनेने चादर छातीशी धरली. आनंदच होता तो, दुसरं काही नव्हतं.

तो एका शेंगेपुरता टिकला. पुढची शेंग फुटली आणि सासूबाई म्हणाल्या, “टारलाइन. घरी उशिरा येणाऱ्याची वाट बघणाऱ्या माणसाच्या…” पुढचं त्यांनी जरा सावकाश म्हटलं. सून चादर घेऊन तशीच आत वळली.

उद्या क्लबाची अंतिम फेरी होती.

म्हणून ही रात्रभराची तळमळ आणि हा साखरेचा पाक झालेला चहा. सांगून टाकावं, तर नोकरी दुसऱ्याच्या हातात. सासूबाई गुपित मुद्दाम फोडतील असं नाही, पण खोटं समोर दिसत असताना गप्प बसणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. एकदा शाळेने तीन मुलींची वयं कमी लिहून त्यांना लहान गटात उतरवलं होतं. सासूबाईंना हे ऐन सामन्यात कळलं. त्यांनी शिट्टी मारून सामना थांबवला आणि स्वतःचाच संघ मैदानाबाहेर बसवला. करंडक गेला, मुख्याध्यापकांशी बोलणं बंद झालं, निवृत्तीच्या निरोपाला चार माणसं आली. ही गोष्ट त्या वर्षातून एकदा तरी सांगत आणि शेवटी म्हणत, “खेळात खोटं म्हणजे भातात खडा. दात पडला तरी चालेल, गिळायचा नाही.”

आणि नोकरीचं सोडा. खरी भीती वेगळीच होती, आणि ती सून स्वतःशीसुद्धा धड बोलत नव्हती. या बाईने चार वर्षांनी कुठे विश्वास टाकला होता. तोही चोरून, मटाराच्या आडोशाने. तिला जाऊन सांगायचं, की आई, त्या याद्यांत मी खडे पेरलेत?

तरी तिने चहाचा कप पुढे करून सुरुवात केली. “आई, एक सांगायचं होतं.”

“आज नाही,” सासूबाई मान उजवीकडे वळवून म्हणाल्या. “सामन्याच्या दिवशी खेळाडूला काही सांगायचं नसतं. डोकं जड होतं.” मग त्यांनी एक घोट घेतला आणि कपाकडे पाहिलं. “चहा केलास की सरबत?”

दुपारी त्या निघाल्या, तेव्हा सूनही चप्पल घालून तयार.

“तू कुठे?”

“बघायला येते ना. रविवारच आहे.”

सासूबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. आजवर ती कधी आली नव्हती. “बघायला काय, माणसं गप्प बसून लाकडाचे ठोकळे मांडतात,” त्या म्हणाल्या. पण जिना उतरताना नेहमी धरायच्या तो कठडा सोडून त्यांनी सुनेचा हात धरला. सुनेला उलट जास्तच कसंतरी झालं.

बसमध्ये तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. “आई, समजा एखाद्या यादीत एखादा शब्द चुकून…”

“माझी यादीबिदी काही नसते,” सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “मी कोशातून खेळते.” आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अशा माणसाला काय सांगणार? चोरी पकडली जाऊ नये म्हणून दोघीही जिवाचा आटापिटा करत होत्या, आणि चोर कोण हे ठरायचं होतं. सून उरलेला रस्ताभर मनात हिशोब करत बसली. नेमकी ती सात अक्षरं एकाच वेळी हातात यायला नशीबच लागतं. येतात कशाला? मग तिला आठवलं, की पाहुणा संशयास्पद दिसू नये म्हणून तिने मुद्दाम सगळी नेहमीची, ढिगाने असणारी अक्षरं घेतली होती. आपल्याच हुशारीचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

क्लब म्हणजे एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. मध्ये एकच टेबल मांडलेलं, भोवती खुर्च्या. समोर ग्रंथपालबाई बसल्या होत्या, खालच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या, सासूबाईंच्या वयाच्या आणि त्यांच्याच तोलाच्या. दोघी गेली कैक वर्षं एकमेकींशी खेळत होत्या, एकमेकींच्या आजारपणात डबे पोचवत होत्या आणि टेबलापाशी मात्र हाडवैरिणीसारख्या बसत. जिंकेल तिचं नाव भिंतीवरच्या फळीवर लागणार होतं. ग्रंथपालबाईंचं तिथे तीनदा होतं. सासूबाईंचं एकदाही नव्हतं, आणि पुढच्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्यानंतर काय दिसेल याची त्यांना खात्री नव्हती. म्हणजे जे काय ते आजच.

पंचांनी नियम वाचले. समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर ‘दाखवा’ म्हणायचं, मग पंच कोशात बघणार. नसला तर शब्द मागे, डाव फुकट. ‘दाखवा’ म्हटलं नाही तर मांडला तो शब्द खरा. बघणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि या क्लबाची म्हणून एक खास प्रथा होती. ज्याने सातच्या सात अक्षरं एका डावात लावली, त्याने उभं राहून त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना सांगायचा. नुसते ठोकळे जुळवणारा शहाणा नव्हे, असं क्लबाच्या संस्थापकाचं म्हणणं होतं.

सून सासूबाईंच्या मागच्या खुर्चीत बसली. तिथून त्यांच्या पट्टीवरची अक्षरं दिसत. न बघावं तर जीव राहीना, बघावं तर जीव जायची वेळ. दर वेळी सासूबाईंनी अक्षरांच्या पिशवीत हात घातला की ही खुर्चीच्या कडेला सरकायची. एक टी आला, मग एक आर. मग एक क्यू आला तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं, की शेजारच्या गृहस्थांनी वळून पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. पाय हलवला. शेजारच्यांनी त्या पायाकडे पाहिलं. तिने पाय थांबवला, तर दुसरा सुरू झाला.

खेळ अटीतटीचा होता. ग्रंथपालबाई पुढे, मग सासूबाई पुढे, मग परत ग्रंथपालबाई. पिशवी रिकामी होत आली. क्यू एकदाचा कुठेतरी लागला आणि सासूबाईंनी शेवटची अक्षरं काढून पट्टीवर ठेवली.

ए. टी. एन. ई. आर. एल. आय.

सुनेला वाटलं, खोलीतली हवाच कुणीतरी काढून घेतली. टेबलावरच्या पटावर खालच्या कोपऱ्यात एक एस मोकळा पडला होता. त्याच्या आधी सात अक्षरांचं नाम लावून अनेकवचन केलं, की डावही जिंकला आणि सामनाही. त्या अक्षरांतून खरे शब्द चार-पाच होतात, पण शेवटी एस चिकटवून घेणारा आणि सासूबाईंना हमखास येणारा एकच. लॅट्रिन.

सासूबाईंची बोटं हलली. एल पुढे आला. त्यामागे ए, टी. सुनेने श्वास रोखला. आर, आय, एन, ई. आला! पट्टीवर स्वच्छ अक्षरांत ‘लॅट्रिन’ उभा राहिला. जगातल्या कुठल्याही बाईने संडासाकडे इतक्या भक्तिभावाने पाहिलं नसेल. लावा, आई, लावा, तिने मनोमन धावा केला.

सासूबाईंनी तो शब्द पाहिला. मग भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. पंचांकडे, पहिल्या रांगेतल्या वयस्कर जोडप्याकडे. हा शब्द लावला, तर उभं राहून त्याचा अर्थ सांगावा लागणार होता. ज्या बाईने आयुष्यात ‘जरा जाऊन येते’ याच्यापलीकडे त्या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं, तिने भरसभेत! त्यांनी झटकन सगळे ठोकळे विस्कटले, जसं काही कुणी बघितलंच नाही. आणि मग एकदम त्यांची पाठ ताठ झाली. सुनेला ती पाठ बघूनच कळलं.

टी. ए. आर. एल. आय. एन. ई. एकेक ठोकळा त्यांनी एसच्या आधी मांडला आणि वेळ मोजणारं घड्याळ दाबलं. खोलीत कुजबुज झाली. सासूबाई उभ्या राहिल्या. हात पाठीमागे, हनुवटी वर, शाळेच्या मैदानावर उभ्या राहत तशा.

“टारलाइन,” त्या म्हणाल्या. “घरी उशिरा येणाऱ्याची वाट बघणाऱ्या माणसाच्या दाराखाली दिसणारी उजेडाची रेघ. येणारा आत आला की ती विझते.”

ग्रंथपालबाईंचं बोट टेबलावर होतं. ‘दाखवा’ म्हणायच्या आधी त्या ते असं दोनदा आपटत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोट एकदा आपटलं. मग थांबलं. ग्रंथपालबाईंची मुलगी परिचारिका होती आणि तिच्या कामाच्या वेळांना धरबंध नव्हता.

“मी वाचलेला नाही हा शब्द,” त्या हळूच म्हणाल्या. “पण असायलाच हवा असा आहे. राहू दे.”

संपलं. नियमाप्रमाणे शब्द खरा झाला. सासूबाई जिंकल्यात जमा होत्या. कुणाला कधी काही कळणार नव्हतं, नोकरी शाबूत होती, फळीवर नाव लागणार होतं. सुनेने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता, आणि तिने तो टाकलाही असता. पण तेवढ्यात सासूबाई वळल्या आणि तिच्याकडे हात करून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या सूनबाईच्या यादीतला आहे. तिचे सगळे शब्द असेच पारखलेले असतात.”

चार वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते असं पदरात पडलं. नको त्या जागी, नको त्या शब्दावर. सगळे वळून तिच्याकडे कौतुकाने बघत होते. सासूबाईंचा चेहरा असा उजळला होता, की तो बघवेना.

“खोटा आहे,” ती म्हणाली.

आपण बोललो हे तिला आपलाच आवाज ऐकून कळलं. पंच म्हणाले, “बघणाऱ्यांनी…” पण ती उभी राहिली होती आणि आता बसणं शक्य नव्हतं.

“तो शब्द खोटा आहे, आई. मीच बनवलाय. चोर पकडायला आम्ही प्रत्येक यादीत एक खोटा शब्द घालतो. हा त्यातला. कालपासून सांगायचं होतं, सांगता आलं नाही.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून उतरत गेलं. सून वाट बघत होती की आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नियमाप्रमाणे शब्द आता खराच धरला जातो,” पंच घाईघाईने म्हणाले. “समोरून हरकत आलेली नाही.”

“मला काय नियम सांगता?” सासूबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि सातही ठोकळे उचलून परत पट्टीवर ठेवले. “डाव सोडला.” मग समोर न बघताच म्हणाल्या, “खेळ तू.”

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अगं, राहू दे म्हटलं ना मी.”

“खेळ.”

ग्रंथपालबाई खेळल्या. कोपऱ्यातला एस त्यांनीच वापरला. तिथून पुढे सासूबाईंच्या हातात ती सात अक्षरं तुकड्यातुकड्यांनी खपवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. त्या थोडक्यात हरल्या. दोघींनी हात मिळवले. ग्रंथपालबाईंना हात सोडवेना, सासूबाईंनीच सोडवून घेतला.

खाली उतरताना त्यांनी कठडा धरला. बस थांब्यावर उभी होती, तरी त्या चालू लागल्या. सून मागून. पिशवीत फोन थरथरला. क्लबातल्या कुणीतरी एव्हाना जगजाहीर केलं असणार. पडद्यावर संपादकांचं नाव बघून तिने फोन परत पिशवीत टाकला. उद्या त्या खुर्चीत आपण असू की नाही, याचा तिला अंदाज होता. आश्चर्य म्हणजे त्याचं आत्ता काही वाटत नव्हतं. समोरची ताठ पाठ तेवढी दिसत होती, आणि गुडघा दुखत असूनही न थांबणारी चाल.

बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, “आई, बोला ना काहीतरी. रागवा हवं तर.”

“सामना हरल्याचं काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. चालणं थांबवलं नाही. “हरले मी पुष्कळदा. खोटं वेळेवर सांगितलंस, तेही ठीक. अजून आधी सांगायला हवं होतंस.”

“मग?”

त्या थांबल्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. सून शेजारी उभी राहिली.

“तो शब्द मी वाचला ना,” सासूबाई गुडघ्याकडे बघत म्हणाल्या, “तेव्हा मला किती बरं वाटलं होतं माहीत आहे? मला वाटायचं, मीच एक खुळी आहे. तू नाहीस घरात तोवर डोळा लागत नाही, आणि तू आलीस की लाज वाटते, म्हणून दिवा बंद करायचा. म्हातारपणी हे काय सोंग! कुणाला सांगायची सोय नाही. आणि मग बघते तर त्याला चक्क शब्द. म्हटलं, शब्द आहे म्हणजे माझ्यासारख्या जगात पुष्कळ असणार. त्याशिवाय कुणी शब्द करेल का? म्हणून तो पाठ केला मी पहिला. बाकीची यादी नंतर.” त्यांनी नाक ओढलं. “आता कळलं, तशी एकटी मीच. आणि तेही तू बघून ठेवलेलं.”

अर्थ लिहून लिहून हात झिजलेली बाई, पण आत्ता एक ओळ जुळेना. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

“एकट्या नाही तुम्ही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही क्लबातून यायच्या दिवशी मी गॅलरीत उभी असते. रस्ता ओलांडताना दिसलात की आत पळते. आणि तुम्ही दार उघडता तेव्हा भाजी चिरत बसलेली असते, जशी काही तासभर तेच करतेय.”

सासूबाईंचा गुडघ्यावरचा हात थांबला. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “तासभर चिरतेस आणि ताटलीत कायम दोनच भेंड्या.”